उलटी दांडी

वश्या, मेण घातलं. आता काय बोंबलायचं ते बोंबल.

तू असतास तर हातातला पान्हा भिरकावला असतास, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तू नाहीस, आणि तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. ज्या गिटारीवरून आपण दोघं भांडत आलो, तिचे दोन्ही कान मी बुजवले. तुझ्याच दुकानात, तुझ्याच टेबलावर, शालनवहिनी शेजारी उभ्या असताना. खरं म्हणजे तुझ्या बायकोनंच ते करायला लावलं. मी नको म्हणत होतो. हसू नकोस, खरंच मी नको म्हणत होतो! हे सगळं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही म्हणून लिहायला बसलोय. तुझ्या फोटोसमोर उभं राहून बोलायला मला जमत नाही. फोटोत तू शर्टाचं वरचं बटण लावलंयस आणि तो दुसराच कुणीतरी वाटतो.

दहाव्याला कुणीतरी म्हणालं, वसंता फार मनमिळाऊ होता. मला हसू आवरेना. तू आणि मनमिळाऊ! कडेगावचा एखादा बागायतदार जळालेली मोटर घेऊन आला की तू आधी त्यालाच झाडायचास. "विहिरीत पाणी हाय का बघितलंतं का आधी? का नुसतं बटण दाबून घरी जाऊन झोपला?" मग मोटर उघडून आतली काळी पडलेली तार बाहेर काढायचास आणि शटर अर्धं ओढून घ्यायचास. नवी तार भरताना तुला कुणी बघितलेलं चालायचं नाही, कुणी ऐकलेलं तर त्याहून नाही. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून वाट बघायचो. मोटर भरून झाली, वार्निश पाजून, भट्टीत वाळवून झाली की ती सुरू करून तू स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचास आणि मूठ स्वतःच्या कानाला. डोळे मिटून ऐकायचास. मग म्हणायचास, "हं." ते "हं" मिळालं की मोटर गेली शेतावर.

मी सातारचा. पोटासाठी सांगलीत आलो. दिवसा कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. आमचा बेसवाला पुण्याला पळाला तेव्हा खालचे सूर माझ्याच गळ्यात पडले. जाड तार मी सैल करून खाली उतरवायचो, तर ती ओल्या टॉवेलसारखी लोंबायची. सूर कसला, नुसती फडफड. त्याच दिवसांत पाचगणीच्या एका शाळेत स्नेहसंमेलनाला वाजवायला गेलो होतो. तिथल्या संगीताच्या सरांकडं एक परदेशी मासिक होतं आणि त्यात एका गिटारीचा फोटो. तिच्या दांडीवर सुरांसाठी बसवतात त्या धातूच्या पट्ट्या सरळ नव्हत्याच. हातपंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या, मधली तेवढी सरळ आणि बाकी सगळ्या तिरक्या. मला वाटलं, छापताना बिघडलं असणार. गंमत म्हणून ते पान मागून घेतलं आणि तुला दाखवलं.

तू हसला नाहीस. पान उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिलास.

"बिघडलं न्हाई गड्या. जाड तार लांब ठेवलीया आन् बारीक तार आखूड. बराबरच हाय की. पैलवानाला आन् बालवाडीतल्या पोराला एकच चड्डी कशी व्हईल?"

"इथं कुठं मिळायची असली?"

"मिळायची न्हाई. करू की."

तू गिटार हातात धरलेली नव्हतीस, सुतारकी शिकलेला नव्हतास, आणि म्हणालास, करू की. मी त्या दिवशी तुला वेड्यात काढलं होतं. आज सांगतो, त्या "करू की"नं मला जे दिलं ते कुठल्याही टाळ्यांनी नंतर दिलं नाही.

माधवनगरला बंद पडलेल्या एका मागाच्या शेडचं सागवान निघालं होतं, ते आणलंस. कित्येक वर्षं मागाखाली थरथरलेलं लाकूड. चिरलं तेव्हा त्याला सुताचा आणि तेलाचा वास आला. वहिनी म्हणाल्या, "ह्याचा वास जाता जात न्हाई, बाई." तू म्हणालास, "जाऊ दी कशाला? थरथरायची सवय हाय त्याला. आपल्याला तीच पायजे." माझा डावा पंजा कागदावर ठेवायला लावून पेन्सिलीनं त्याची रेघ काढलीस. जाड तारेची लांबी, बारीक तारेची लांबी, दोन्हीकडच्या पट्ट्यांच्या जागा वेगवेगळ्या आखल्यास आणि एकीकडची खूण दुसरीकडच्या खुणेला जोडलीस. कागद लाकडावर चिकटवलास. शटर अर्धं खाली. आत करवतीचा आवाज आणि बाहेर बाकड्यावर मी.

आणि मग ती दांडी माझ्या हातात दिलीस. मी धरली, पुन्हा धरली, आणि वश्या, मला घामच फुटला. सगळं उलटं! जाड तारेची बाजू आखूड आणि बारीक तारेची लांब.

कारण तू जन्मभर मोटर मागून बघत आलास, पंख्याच्या बाजूनं. आकृती काढायची ती मागून बघूनच. गिटारही तू मागूनच बघितली होतीस. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. मोटर उलटी फिरली तर दोन वायरी बदलल्या की काम भागतं. लाकडाला कुठल्या वायरी बदलणार? मी हसत सुटलो. बाकड्यावरून खाली पडायचा बाकी होतो. तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पाचव्या दिवशी आलो तेव्हा ती दांडी भिंतीवर खिळ्याला टांगलेली आणि तू दुसरं लाकूड तासत बसलेला.

"ती कुणासाठी रं टांगून ठेवलीस?"

"डावखुऱ्याला चालंल."

"आपल्यात कोण आहे डावखुरा?"

तू मान वर न करता म्हणालास, "तूच की. आरशातला सुऱ्या. कवातरी घिऊन ये त्याला. बोटं मोजून ठेवतो."

तेव्हा आपण दोघंही हसलो होतो.

दुसरी दांडी बरोबर झाली. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पट्ट्यांच्या टोकांनी. तिरक्या पट्टीचं टोक सरळ पट्टीपेक्षा जास्त बोचतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बोटांतून रक्त आलं तेव्हा कळलं. मग तू एकेक टोक बारीक कानशीनं गोल केलंस. तुझी लकब होती, दोनदा कानस मारायची आणि फुंकर. खर्र, खर्र, फू. खर्र, खर्र, फू. बाहेर बसून मी त्या तालावर पाय हलवायचो. वरच्या खोलीत वहिनी भाकरी थापायच्या, त्यांचाही हात त्याच तालावर पडायचा, असं त्या नंतर म्हणाल्या.

गिटारीच्या पोटात बसवायची, तारांची थरथर पकडून अँपच्या स्पीकरपर्यंत पोचवणारी गुंडाळी मात्र तुझ्या हातचा मळ होती. फाटक्या स्पीकरची लोहचुंबकं आणि केसाहून बारीक तांब्याची तार. दोन भरल्यास. पहिली गुंडाळी पुरी झाली तेव्हा ती वार्निशात बुडवण्याआधी सहज म्हणून माझ्या अँपला जोडलीस, आणि नेमकी वहिनींनी जिन्यातून हाक मारली, "जेवायला येताय का न्हाई?" ती हाक अँपमधून बाहेर आली. पातळ, लांबून आल्यासारखी, पण वहिनींचीच. तुझा चेहरा मला आजही दिसतो. तू गुंडाळीजवळ तोंड नेलंस आणि हळू म्हणालास, "आलो." अँपनं म्हटलं, आलो.

झालं. त्या दिवसापासून तू बिघडलास. वार्निश पाजल्याशिवाय दुकानातून एक मोटर बाहेर न सोडणारा माणूस, आणि ह्या दोन गुंडाळ्यांना कशाला हात लावू देईना. मला सगळं माहीत होतं. पाचगणीच्या सरांनीच सांगितलं होतं की गुंडाळीत हवा राहिली की ती असले आवाज पकडते, मेणात बुडवली की गप्प होते. आणि हा नुसता गमतीचा प्रश्न नव्हता. स्टेजवर आवाज वाढवला की गिटार शिट्टी मारायची. अशी किंचाळायची की पुढची बाई पोराचे कान झाकायची. साताऱ्याच्या मंडळानं तर तोंडावर सांगितलं होतं, पुढच्या गणपतीत शिट्टी वाजली तर परत बोलावणार नाही. माझं गाव रे ते! तिथं माझी शोभा झालेली मला परवडणारी नव्हती.

"मेण घाल वश्या."

"न्हाई."

"अरे गिटार आहे का पोपट?"

"ती ऐकतीया. ऐकणाऱ्याचं कान बुजवायचं आन् म्हणायचं गा आता. असं कुठं असतं व्हय?"

"मग मी काय शिट्ट्या मारत बसू?"

"मी हाय तवर मेण न्हाई."

हे आपलं शेवटचं बोलणं. मी "मर तिकडं" म्हणून निघून आलो. रोजच म्हणायचो. दुसऱ्या दिवशी तू कडेगावला कुणाची तरी मोटर विहिरीतून काढायला गेलास आणि काठावरच छातीला हात लावून बसलास. मोटर वर आली, तू उठला नाहीस.

घाटावर न्यायच्या आधी मी दुकानात गेलो. खिळ्यावरची ती उलटी दांडी काढली आणि सरणात तुझ्या डाव्या बाजूला सरकवली. तुझ्या भावानं विचारलं, हे काय? म्हटलं, लाकूडच आहे. खोटं कुठं बोललो? तिला नुसत्या खाचा पाडलेल्या होत्या, पट्ट्या बसवायच्या राहिल्याच होत्या. आग चढली तेव्हा सगळ्यात आधी त्या खाचा आतून लाल झाल्या. एकेक तिरकी रेघ, वरपासून खालपर्यंत, पंखा उघडल्यासारखी. बाकीचे लोक नदीकडं बघत होते. मी एकटाच ते बघत होतो. कुणाला बोललो नाही, वहिनींनाही नाही.

गणपती जवळ आले. साताऱ्याचा कार्यक्रम डोक्यावर. तू गेल्यावर मला अडवणारं कोण होतं? गणपतीच्या आधीच्या अमावस्येला दुपारी मी गिटार आणि अँप घेऊन दुकानावर आलो. मेण तुझ्याच टेबलावर घालायचं, तेवढी तरी लाज राखायची, असं मनात होतं. वहिनींनी शटर उघडून दिलं, वार्निशचा रिकामा डबा शोधून दिला. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. स्टोव्ह पेटवला. म्हटलं, गुंडाळ्या काढायच्या आधी एकदा शेवटचं ऐकू. गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि अँप लावला.

आधी नेहमीचेच आवाज आले. स्टोव्हची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टकटक, वहिनींनी पाय हलवला त्याचा खसखसाट.

मग आलं. खर्र, खर्र, फू.

मी तारांकडं बघितलं. एकही हलत नव्हती. पुन्हा, खर्र, खर्र, फू. स्टोव्ह बंद केला. घरघर गेली, हे राहिलं. तुझी कानस तिच्या जागेवर खिळ्याला लटकत होती, तिच्यावर धूळ बसलेली. कसाबसा म्हणालो, "शेजारची गिरणी असेल, वहिनी."

"आज अमुशा हाय. गिरणी बंद हाय."

"मग उंदीर."

"उंदीर फुंकर मारतो व्हय भावजी?"

त्या घाबरल्या नव्हत्या, वश्या. मला वाटलं त्या किंचाळतील, पडतील. त्या नुसत्या ऐकत होत्या, मान जरा कलती करून. मग त्यांची नजर भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्यावर गेली.

"हितली दांडी कुठं हाय? ती उलटी?"

सांगावंच लागलं. म्हटलं, त्याच्याबरोबर दिली, सरणात.

वहिनी तुझ्या स्टुलावर बसल्या. अँपमधून खर्र, खर्र, फू चालूच होतं, सावकाश, तू कंटाळा न करता करायचास तसंच. मग अगदी साध्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं म्हणाल्या, "मग बराबर हाय. पट्ट्या बसवून झाल्या असतील. आता टोकं घासत्यात."

मी रडायला लागलो. लाज नाही वाटत सांगायला. भीतीनं रडलो का आनंदानं, ते मला आजही सांगता यायचं नाही. तू कुठंतरी आहेस आणि तुझ्या हातात काम आहे, ह्याहून मला दुसरं काय हवं होतं? मी डबा बाजूला सरकवला आणि म्हटलं, मेण नाही घालायचं. साताऱ्याचं मंडळ गेलं खड्ड्यात. हे बंद नाही करायचं.

"का? रोज बसून ऐकणार?"

"रोज."

"आन् मी?" वहिनींचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. "मी वर भाकरी थापायची आन् मनात ठेवायचं, तिकडं भावजींच्या घरात माझा नवरा कानस मारतोय? ऐकायला जाऊ का नको, असं रोज वाटत ऱ्हाणार मला. एक दिस आवाज आला न्हाई तर दुसऱ्यांदा गेले म्हणून रडू? असं जगायचं व्हय मी?"



त्या उठल्या, डोळे पुसले. "त्यास्नी काम करताना कुणी ऐकलेलं खपत न्हवतं. मलाबी न्हाई, तुमालाबी न्हाई. तुमी बाकड्यावर बसायचा का न्हाई गप? तसंच बसायचं. शटर वढा आता."

त्यांनीच स्टोव्ह पुन्हा पेटवला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पण एक गोष्ट राहिली होती. तू गिटार हातात दिलीस तेव्हापासून मी शिट्टीवरूनच भांडत आलो. ती खालची जाड तार पहिल्यांदा छेडली तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि मी म्हणालो होतो, "बरी आहे." बरी आहे! वाकलो, तारांजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, "वश्या, गिटार लय भारी झालीया. असली कुणाकडंच न्हाई."

माझा आवाज अँपमधून दुकानभर झाला. आणि खरखर थांबली. तू ऐकताना हात थांबवायचास, तशी. वहिनींनी माझा दंड धरला. स्टोव्हची घरघर आणि घड्याळाची टकटक तेवढी येत होती.

मग आलं, "हं."

आणि लगेच पुढं खर्र, खर्र, फू.

मी अँप बंद केला. दोन्ही गुंडाळ्या काढल्या आणि मेणात सोडल्या. आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते आणि बुडबुडे थांबले की काम झालं, एवढंच मला माहीत होतं. एवढ्याशा त्या गुंडाळ्या, त्यात कितीशी हवा असणार? पण बुडबुडे येतच राहिले. बारीक, एकामागून एक, संथ. वहिनी म्हणाल्या, "एवढी हवा असती व्हय?" मी म्हटलं, असते. मला काय ठाऊक? बाहेर ऊन उतरलं तरी ते येत होते. आम्ही दोघं त्या डब्याकडं बघत उभे होतो, घाटावर उभे होतो तसेच. शेवटी एक मोठा आला, जरा थांबला आणि फुटला. वहिनींनी स्टोव्हची हवा सोडली.

साताऱ्याला गिटार एकदाही किंचाळली नाही. खालची तार अशी वाजली की मंडळाचा अध्यक्ष स्टेजमागं येऊन विचारत होता, बेसवाला कुठं बसलाय? म्हणजे वाद मी जिंकलो, वश्या. मेण घालायलाच हवं होतं. पण जिंकून कुणाला सांगू? टाळ्या चालू असताना मी सवयीनं वाकून तारांजवळ कान नेला. आत काहीच नव्हतं.

मेण घातलं त्या दिवशी वहिनींना शब्द दिला होता, ऐकायला बसणार नाही म्हणून. तो पाळतोय. पण दुसऱ्या एका गोष्टीचा शब्द त्यांनी मागितला नव्हता. परवापासून साड्यांच्या दुकानातून घरी आलो की मी गिटार उलटी धरून बसतो. उजवा हात दांडीवर, डावा तारांवर. उजवी बोटं म्हशीसारखी बसून राहतात, उठता उठत नाहीत. काल वहिनी आल्या होत्या, दारात उभ्या राहून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय नवीन खूळ?" मग त्यांनाच कळलं. चहा टाकायला आत गेल्या.

आरशातल्या सुऱ्याला घिऊन ये म्हणाला होतास. आणतोय. त्याला अजून साधा एक सूर धड धरता येत नाही, तेव्हा घाई करू नकोस. टोकं सावकाश घास.